हातच्या काकणाला आरसा

मावशीने बांगड्या काढायला साफ नकार दिला आणि आमचा पहिला दिवस तिथेच अडला.

मुलुंड पूर्वेचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. जेवणाच्या टेबलावर फिजिओताईंनी आरसा उभा धरला होता, त्याची कड मावशीच्या छातीकडे. लुळा पडलेला उजवा हात आरशाच्या मागे, धड असलेला डावा पुढे. आरशात पाहताना उजवाच हात हलतोय असं वाटायला हवं, सगळी मेख तिथे. पण आरशातल्या हातात अर्धा डझन हिरव्या बांगड्या आणि एक पाटली, आणि मागचा खरा हात भुंडा. लकव्याचा झटका आला त्या रात्री हाताला सूज चढायला लागली म्हणून इस्पितळात त्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या होत्या. "काकू, याही हातातल्या काढून ठेवा, म्हणजे दोन्ही हात सारखे दिसतील," ताई म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. अंगठी, घड्याळ, गंडादोरा, जे काही दोन हातांत फरक दाखवतं ते उतरवायचं, असाच या उपचाराचा रिवाज आहे. मावशी म्हणाली, "हे समोर बसलेत. यांच्यादेखत दोन्ही हात भुंडे करू होय?" काकांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

तोडगा तिनेच काढला. बाजारातल्या बांगडीवाल्याकडून मापाने दोन नंबर मोठ्या बांगड्या मागवल्या, आजारी हातात सैल राहतील अशा. दोन्ही हात हिरवे झाले आणि आरसा कामाला लागला. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' ही म्हण मी लहानपणापासून वापरत आले. काकण ढळढळीत दिसतंय आणि ज्या हातात ते आहे तोच सापडत नाही, अशी वेळ येऊ शकते, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं.

आरशाचं गुणगान करायला मी बसलेली नाही. लकवा झालेल्या माणसाचा हात आपण, म्हणजे मुंबईच्या उपनगरांतली शहाणीसुरती कुटुंबं आणि आपले दवाखाने, फार लवकर सोडून देतो. घरात तो प्रेमापोटी सुटतो, इस्पितळात वेळेच्या हिशेबापोटी. काचेचा एक तुकडा आणि मनातल्या मनात केलेली हालचाल, या दोन गोष्टींनी त्या हाताला दिवसाचा ठरलेला अर्धा तास मिळतो, त्यांचं मोल मला तिथे दिसतं. पण जाणत्या माणसाची नजर त्या अर्ध्या तासावर नसेल, तर आरसा कपाटाच्या दाराला होता तिथेच बरा.

आधी हात का जातो ते पाहू. मेंदूत स्नायूंवर हुकूम चालवणारा एक पट्टा आहे. पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी 1937 साली त्याचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात हाताने, विशेषतः बोटांनी आणि अंगठ्याने, केवढी जागा बळकावली आहे ते दिसलं. चेहरा आणि हात या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला आहेत, पाय मधल्या फटीत आत वळलेला. बाहेरच्या अंगाला रक्त पुरवते ती मधली मोठी रोहिणी, आणि गुठळी अडकण्याची सर्वांत नेहमीची जागाही तीच. म्हणून पुष्कळदा पाय थोडक्यात वाचतो आणि हात जातो. शिवाय पायाचं काम तुलनेने ढोबळ आहे. गुडघा ताठ राहिला, वजन पेललं, की काठीच्या आधाराने माणूस संडासापर्यंत पोचतो. हाताला अशी अर्धीमुर्धी सूट नाही. शर्टाचं बटण निम्मं लागत नाही.

काय परत येईल याचा अंदाज बराच आधी लागू शकतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की झटक्यानंतर 72 तासांच्या आत ज्याला बोटं थोडी तरी उघडता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, त्याच्या हातात सहा महिन्यांनी काही कसब परत येण्याची शक्यता 98 टक्के होती. ज्याला दोन्ही जमलं नाही त्याची 25 टक्के. हे आकडे नातेवाइकांना क्वचितच कुणी समजावून सांगतं. आमच्या हातात मात्र घरी निघताना स्पंजचा एक पिवळा, हसऱ्या तोंडाचा चेंडू दिला गेला. दाबत राहा, म्हणाले. लकव्याचा हात मूठ आवळायला आपण होऊन शिकतो, हरवतं ते मूठ उघडणं. तो चेंडू महिनाभर दाबून मावशीची बोटं आणखी आत वळली, एवढंच मी पाहिलं.

आता घराकडे येते.

मावशी घरी आली आणि सगळं घर तिच्या सेवेला लागलं. सून भात कालवून द्यायची, मुलगा चहाचा कप ओठाला लावायचा, काका केस विंचरायचे. केस विंचरणारे काका पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांत सगळ्यांनाच हे अंगवळणी पडलं आणि उजवा हात मांडीवर उशीसारखा पडून राहिला. ती चालायला लागली त्या दिवशी पेढे वाटले गेले. हाताबद्दल कुणी विचारलं तर काका सांगायचे, "होईल हळूहळू. चालतेय ना, तेच खूप झालं."

एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडून पाहिल्या होत्या. हलवण्याच्या नसा शाबूत असूनही माकडं तो हात वापरेनात. सुरुवातीचे प्रयत्न फसले, धड हाताने काम भागलं, आणि न वापरण्याची सवय जडली. पुढे धड हात बांधून ठेवला तेव्हा आजारी हात कामाला लागला. यावरूनच माणसांसाठी तो उपचार निघाला, ज्यात चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्याकडून काम करून घेतात. टॉबच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालअपेष्टांवरून पुढे मोठा खटला झाला आणि तो गाजलाही. पण न वापरण्याची ही शिकलेली सवय कशी जडते ते मला मुलुंडच्या त्या घरात रोज दिसत होतं. फरक एवढाच, की माकडाला निदान स्वतःच्या दुसऱ्या हाताने खावं लागत होतं. मावशीला सहा माणसांचे बारा हात होते.

एकत्र कुटुंबाच्या मायेला नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं. परदेशातल्या एकट्या म्हातारीपेक्षा आमची मावशी सुखी होती, यात शंका नाही. पण सुखी असणं आणि बरं होणं यांत भांडण होऊ शकतं, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा होतं. रुग्णाला एखादं काम स्वतः करू देणं म्हणजे निर्दयपणा, असं शेजारपाजाऱ्यांनाही वाटतं. भात सांडत सांडत स्वतः जेवणारी सासू पाहून लोक सुनेकडे बघतात.

आणि 'डावाच गेला ना, मग नशीब!' हे तर मी किमान पाच घरांत ऐकलंय. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने आपल्या संडासाचा विचार केला नसावा. आपल्या देशात डाव्या हाताला एक काम नेमून दिलेलं आहे, आणि ते दुसऱ्याकडून करून घ्यावं लागणं यासारखी मानखंडना नाही. नाडी बांधणं, निऱ्या काढणं, बादली उचलताना तोल धरणं, लोकलच्या डब्यात उजव्याने पिशवी सांभाळत डाव्याने वरची कडी पकडणं, हे सगळं डाव्याचं. हातासाठी जगभर वापरतात त्या चाचण्यांपैकी वुल्फ यांच्या चाचणीत डबा उचलणं, पेन्सिल उचलणं, कुलपात किल्ली फिरवणं, टॉवेलची घडी घालणं अशी कामं आहेत. चांगलीच कामं आहेत. पण घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला विचारा, काय परत हवंय? तो टॉवेलची घडी म्हणणार नाही.

आरशाची गोष्ट सुरू होते ती लकव्यापासून नाही, तुटलेल्या हातापासून. हात कापला गेला तरी तो आहेच, मूठ आवळून आहे, नखं तळव्यात रुतताहेत, अशा वेदना काहींना होतात. मद्रासच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात एका खोक्यात आरसा उभा बसवला आणि अशा माणसाला त्यात आपला उरलेला हात घालायला सांगितला. आरशात गेलेला हात परत आल्यासारखा दिसला. उरलेला हात उघडला, तशी नसलेली मूठही उघडली, असं काहींनी सांगितलं. एवढ्या स्वस्त साधनाने मेंदूविज्ञानात एवढी खळबळ क्वचितच उडाली असेल.

रामचंद्रन यांचा तर्क असा: मेंदू हुकूम देतो, हात हलल्याची वर्दी परत येत नाही, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू लुळेपणाच शिकून बसतो. मग हीच गत लकव्याची का नसावी? 1999 साली एरिक अल्टशुलर, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अगदी छोटा प्रयोग छापला. रुग्ण नऊ, झटका येऊन किमान सहा महिने लोटलेले. चार आठवडे आरसा, चार आठवडे त्याच जागी पारदर्शक प्लॅस्टिक. आरशाच्या बाजूने कौल पडला. नऊ माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण दार किलकिलं झालं. 2008 मध्ये तुर्कस्तानातल्या गटाने 40 रुग्णांवर काम केलं. नेहमीच्या व्यायामाशिवाय रोज अर्धा तास आरसा, चार आठवडे. हाताची हालचाल आणि स्वतःची कामं स्वतः करणं यांत फायदा दिसला, तो सहा महिन्यांनीही टिकलेला होता. स्नायूंचा ताठरपणा मात्र तसाच राहिला. आपल्याकडे लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या गटाने 2014 मध्ये 48 रुग्णांवर केलेला अभ्यास वेगळ्या दुखण्याचा होता. मेंदूला मार बसल्यावर काहींना जगाची एक बाजूच जाणवेनाशी होते, ताटातला अर्धा भात तसाच राहतो. त्यांनाही आरशाने मदत झाली.

सगळ्यांची गोळाबेरीज कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये केली: 62 अभ्यास, 1,982 रुग्ण. निष्कर्ष सावध आहे. नेहमीच्या उपचाराला आरशाची जोड दिली तर हाताची हालचाल आणि रोजची कामं यांत मध्यम प्रतीच्या पुराव्याने सुधारणा दिसते. 'मध्यम' हा शब्द मला आवडतो. लकव्याच्या बाजारात तो कुणी उच्चारत नाही. तिथे एक तर 'आता काही होणार नाही' असतं, नाही तर एकवीस दिवसांत हमखास गुण. कबुतराच्या रक्ताने मालिश करणारे अजून आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे अडाणी नसतात. त्यांनाही मध्यम काही देऊ केलेलं नसतं, एवढाच त्यांचा दोष.

आरसा नेमकं काय करतो, यावर एकमत नाही. दिसणाऱ्या हालचालीने मेंदूतला दुखावलेला हुकमाचा पट्टा जागा होतो, असं एक मत. विसरलेल्या हाताकडे लक्ष ओढलं जातं, हे दुसरं. तिसरं मत आरसा-पेशींचं. इटलीत पार्माच्या रिझोलाट्टींना माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या स्वतः शेंगदाणा उचलताना पेटतात आणि दुसऱ्याला उचलताना पाहूनही पेटतात. या पेशींच्या नावाने व्याख्यानांत काय काय खपवलं जातं ते ऐकून मी वैतागले आहे. नावात आरसा आहे म्हणून कारणातही आरसाच असेल, असं थोडंच? माझा कौल दुसऱ्या मताला आहे, आणि तो मावशीच्या घरात बसून झालेला कौल आहे. आरसा टेबलावर आला त्या दिवसापासून घरातली माणसं त्या हाताविषयी बोलायला लागली.

आता कल्पनेकडे, कारण आरसा निदान दिसतो तरी. डोळे मिटून पोळी लाटायची, हे मावशीला सांगताना ताईंनासुद्धा थोडं ओशाळल्यासारखं झालं असावं. पण या वेडगळ वाटणाऱ्या गोष्टीला भक्कम आधार आहे. 1995 मध्ये पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी कधी पियानो न वाजवलेल्या माणसांना पाच बोटांची एक सुरावट दिली. काहींनी ती पाच दिवस, रोज दोन तास वाजवली, काहींनी पियानोसमोर बसून तेवढाच वेळ नुसती मनात वाजवली. बोटांवर हुकूम चालवणारा मेंदूतला भाग दोन्हींत पसरला. हाताने सराव करणारे पुढेच राहिले, हे सांगायला हवं. पण मनात वाजवणारे नंतर दोन तास खरोखर वाजवायला बसले आणि त्यांनी बरीच तूट भरून काढली. आपल्या गवयांना आणि तबलजींना यात काय नवल वाटेल? बोरिवलीहून चर्चगेटला जाताना मांडीवर बोटं न हलवता कायदा म्हणणारे तबलजी मी पाहिलेत.

यात दोन बारकावे आहेत, आणि माहीत नसले की वेळ फुकट जातो. पहिला: सिनेमा पाहिल्यासारखं स्वतःला लांबून पाहायचं नाही, आतून करायचं. पिठाचा गारवा तळव्याला लागला पाहिजे, लाटण्याचा दाब मनगटात कळला पाहिजे. दुसरा वेळेचा. धडधाकट माणसाला एखादी हालचाल करायला लागतो जवळपास तेवढाच वेळ ती मनात करायला लागतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी 1980 च्या दशकातच दाखवलं. म्हणून मनात झरझर उरकणारा माणूस कल्पना करत नसतो, यादी वाचत असतो. ताईंनी मावशीच्या पोळीला वेळ लावली. पहिल्या दिवशी तिने बारा सेकंदांत डोळे उघडले. "झाली?" "झाली." "भाजली पण?" मावशी गप्प. चार दिवसांनी तिने दीड मिनिट घेतलं आणि डोळे उघडून म्हणाली, "करपली गं. उजवा हात उलथायला वेळेवर पोचलाच नाही." त्या दिवशी ताई खूष झाल्या. लकव्यात कल्पनेतला हातसुद्धा जड होतो, आणि तो जड झाला म्हणजे माणूस खरोखर आत शिरला. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागाला इजा झालेल्या काहींना मात्र हे जमतच नाही. त्यांना बळेच डोळे मिटायला लावण्यात अर्थ नाही.

स्टीफन पेज यांनी 2007 मध्ये जुन्या लकव्याच्या 32 रुग्णांना, व्यायामानंतर अर्धा तास, ध्वनिफीत ऐकवून अशी कल्पना करायला लावली. इतरांना त्याच वेळात नुसतं अंग सैल सोडायला शिकवलं. कल्पना करणाऱ्यांचा हात पुढे गेला. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात असे 25 अभ्यास आणि 676 रुग्ण आहेत, आणि निष्कर्ष पुन्हा मध्यमच: खऱ्या व्यायामाच्या जोडीने बहुधा फायदा होतो. जोडीने, हा शब्द पुसून चालणार नाही. नुसती कल्पना करून कुणाची पोळी फुगलेली नाही. मावशीसाठी तिच्या मुलीने मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केलं: परात ओढ, पीठ घे, आई, घाई नको.

पहिल्या आठवड्यात मावशीने विचारलेला प्रश्न मात्र मला अजून पुरून उरतो. "मला फसवताय का तुम्ही?" आरशातला हात आपला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तो हलला की मागच्या हातात काहीतरी सळसळतं, हेही ती सांगायची. फसवणुकीत फसणाऱ्याला ठाऊक नसतं. इथे तिला सगळं ठाऊक आहे, टेबलही तिचंच, आणि फसायचं ते तिच्याच मेंदूच्या एका कोपऱ्याला. नाटक पाहताना पडदा रंगवलेला आहे हे ठाऊक असूनही आपला गळा दाटतो, त्यातला हा प्रकार. मला खरी फसवणूक दिसते ती हात कायमचा गेलाय हे कळूनही पुढच्या दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेण्यात, किंवा काही येण्याजोगं असताना 'वय झालं' म्हणून मोकळं होण्यात.

उपनगरांतल्या मोठ्या खासगी इस्पितळांतून आता यंत्रमानवाच्या साह्याने हात हलवून देण्याची सोय आली आहे. जाहिरातीत ती छान दिसते. ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर यंत्राची परीक्षा झाली आणि 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापला गेला: नेहमीच्या उपचारापेक्षा हाताच्या कामात यंत्राने सरशी केली नाही. यंत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, पण त्याचे हप्ते भरायला दागिने मोडणाऱ्याला हा निकाल कुणीतरी मराठीत सांगायला हवा.

उलट बाजूचा मोह जास्त घातक आहे, कारण तो गरिबांच्या कळवळ्याच्या वेषात येतो. आरसा स्वस्त, कल्पना फुकट, घरात माणसं मुबलक. मग पत्रक द्या, नातेवाइकाला दोन दिवस शिकवा, आणि घरी पाठवा! हेच भारतात तपासून झालंय. 14 इस्पितळांतल्या 1,250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना इस्पितळात आणि पुढे घरी येऊन पुनर्वसनाचं शिक्षण दिलं. 2017 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्के. काडीचा फरक नाही. त्या अभ्यासात मोजलं गेलं ते मरण आणि परावलंबन, हाताचं कसब नव्हे, आणि त्यात आरसाही नव्हता, हे मान्य. पण 'घरचे करतील' या वाक्यावर विसंबून धोरण आखणाऱ्याची झोप त्याने उडायला हवी. घरचे जीव टाकतात. चेंडू दाबणं कधी थांबवायचं, हात ओढल्याने खांदा निखळतोय का, आरसा कुणाला लावायचाच नाही, हे जीव टाकून कळत नाही.

आणि फेऱ्यांची गोष्ट. अमेरिका-कॅनडातल्या सात ठिकाणांच्या 312 उपचार-बैठका कॅथरीन लँग यांनी 2009 मध्ये बसून मोजल्या. हाताने खरं काम करून घेण्याच्या फेऱ्या सरासरी 32 निघाल्या. प्राण्यांच्या मेंदूत बदल घडवणाऱ्या प्रयोगांत त्या रोज शेकड्यांनी असतात. तिकडे ही गत, मग आपल्या पालिका इस्पितळात फिजिओसमोर बाकावर पंधरा माणसं बसलेली असताना मोजदादच नको. आरसा आणि कल्पना इथे उपयोगी पडतात, कारण थकलेल्या हाताला या फेऱ्या घरी, बसल्या जागी करता येतात. पण आठवड्यातून एकदा कुणीतरी मोजायला हवं.

मुंबईत किती जणांचा हा प्रश्न आहे? डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटाने 2005 आणि 2006 या दोन वर्षांत वांद्रे-सांताक्रूझ पट्ट्यातल्या एच विभागात 1,56,861 लोकवस्तीवर नजर ठेवली होती. पहिल्यांदाच झटका आलेले 456 जण सापडले, म्हणजे वर्षाला लाखामागे 145. त्यांतले 29.8 टक्के 28 दिवसांत गेले. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या साडेत्र्याण्णव लाख आहे. तोच दर धरून माझा ढोबळ हिशेब असा, की वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत वर्षाला साडेतेरा हजार नवे झटके आणि पहिला महिना ओलांडणारे साडेनऊ हजार. यांतल्या प्रत्येकाचा हात गेलेला नसतो. पण निम्म्यांचा धरला तरी दर वर्षी एवढी टेबलं.

आणि आपल्या जुन्या, नावाजलेल्या संस्था कुठे? फिजिओथेरपीचं शिक्षण 1950 च्या दशकात, पोलिओच्या धास्तीच्या काळात, परळच्या केईएममध्ये रुजलं. पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 पासून हाजी अलीला आहे. दोन्ही बेटावर, आणि माणसं केव्हाच उपनगरांत आली. कूपर, राजावाडी, भगवती ही इस्पितळं इकडे आहेत, पण भगवतीला पोचायलाही एक्सरहून रिक्षा, आणि रिक्षापर्यंत पोचायला तीन जिने. मी बोरिवलीहून मुलुंडला जाते तेव्हा दादरला गाडी बदलते, नाही तर पवईच्या गर्दीत अडकते. धडधाकट माणसाचा अर्धा दिवस जातो. एका हाताने कठडा धरून पूल चढणारा माणूस महिन्यातून किती वेळा येईल? झटक्यानंतरचे 'पहिले साडेचार तास' हे शब्द आता रिक्षावाल्यालाही ठाऊक झालेत, आणि ते चांगलंच झालं. त्यानंतरच्या साडेचार महिन्यांचा फलक मी कुठल्याही पुलावर पाहिलेला नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, सगळीकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे टेबलं आहेत आणि सकाळी दहानंतर ती रिकामी असतात. पालिकेने आठवड्यातून एक सकाळ एक फिजिओ तिथे बसवावा. टेबलांवर चार आरसे, वही, आणि त्या वहीत प्रत्येकाच्या फेऱ्या. पोळी, नाडी, बादली, बटण, ज्याला जे हवं ते काम. चार लकव्याची माणसं एका टेबलावर बसली की एकमेकांच्या हातांकडे बघतात, आणि घरच्यांच्या मायेपासून तासभर त्यांची सुटकाही होते.

मावशीचं काय झालं, हे विचाराल. झटक्याला दोन वर्षं झाली. उजव्या हाताने ती परात धरून ठेवते, डाव्याने मळते. बटणं लागतात, वेळ लागतो. सही येत नाही, बँकेत अंगठा देते आणि त्याचा तिला अजून राग आहे. यात आरशाचं किती, कल्पनेचं किती, आणि आपोआप किती, ते सांगता येणार नाही. सैल बांगड्या तिने बदलल्या, आता दोन्ही हातांत एकच माप आहे.

तुमच्या घरात कुणाचा हात गेला असेल तर पहिल्याच भेटीत फिजिओला विचारा, आरसा आमच्या माणसाला चालेल का, आणि रोज किती वेळ. चालेल म्हणाले तर काचवाल्याकडून दीड फूट बाय दोन फुटांचा तुकडा कापून आणा. कडा घासून घ्यायला विसरू नका, आजारी हाताला कापलेलं कळेलच असं नाही.